ऑस्ट्रेलिया वाचायला घेताना: नव्याने आलेल्या मराठी वाचकांसाठी मार्गदर्शक

ऑस्ट्रेलियात शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा मुलांजवळ कायमचे राहण्यासाठी आलेल्या मराठी माणसाची या देशाच्या इतिहासाशी पहिली गाठ बहुधा नागरिकत्वाच्या परीक्षेच्या पुस्तिकेत पडते. ‘अवर कॉमन बाँड’ ही पुस्तिका विनामूल्य मिळते, २० प्रश्नांच्या त्या परीक्षेला ती पुरते आणि परीक्षा झाली की कपाटात जाते. त्यानंतर मतदानाचा हक्क मिळतो, आणि इथे मतदान सक्तीचे असल्यामुळे तो बजावावाच लागतो. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात ॲबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील लोकांचे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांचे, म्हणणे संसदेपुढे मांडणाऱ्या संस्थेला राज्यघटनेत स्थान द्यावे काय, असा प्रश्न होता. माझ्या ओळखीच्या अनेक नव्या नागरिकांना त्या दिवशी मूळ रहिवाशांची गणना आणि त्यांच्यासाठीचे कायदे यांविषयीचे १९६७ चे सार्वमत, जमिनीवरचा त्यांचा हक्क मान्य करणारा १९९२ चा माबो खटल्याचा निकाल किंवा अशा संस्थेची मागणी करणारे २०१७ चे उलुरूचे निवेदन यांपैकी काहीच ठाऊक नव्हते. मत कोणत्याही बाजूने असो, ते ज्या जुन्या वादाविषयी द्यायचे तो वाद आधी वाचलेला असावा, असे मला मनापासून वाटते.

हा लेख त्या वाचनाचा क्रम सांगण्यासाठी आहे. त्यात माझा आग्रह एकच आहे: इतिहास आणि साहित्य जोडीने वाचावे, आणि शक्य असेल तेव्हा एकाच जागेविषयीचे किंवा एकाच घटनेविषयीचे वाचावे. मानववंशशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. एच. स्टॅनर यांनी १९६८ च्या बॉयर व्याख्यानमालेत दाखवून दिले की, मूळ रहिवाशांची जमीन कशी गेली आणि त्यांचे काय झाले याविषयी इथल्या इतिहासलेखनाने दीर्घकाळ मौन पाळले होते. त्या मौनाच्या काळातही कवी, कथाकार आणि वर्तमानपत्रांत लिहिणारी माणसे काही ना काही नोंदवत होती, आणि म्हणून एकटा इतिहास वाचणारा माणूस इथे अर्ध्याच गोष्टीपर्यंत पोहोचतो.

सुरुवातीला काय लागेल

- फोटो असलेले ओळखपत्र (पासपोर्ट किंवा वाहनपरवाना) आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा (भाडेकरार, वीजबिल किंवा बँकेचे पत्र).
- फोन किंवा टॅबलेट, आणि त्यावर लिबी किंवा बॉरोबॉक्स यांपैकी तुमचे वाचनालय वापरत असेल ते ॲप.
- राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘ट्रोव्ह’ हे संकेतस्थळ. ते वाचण्यासाठी खाते उघडावे लागत नाही.
- ‘ऑस्ट्रेलियन डिक्शनरी ऑफ बायोग्राफी’ हा चरित्रकोश. तो संपूर्ण आणि विनामूल्य वाचता येतो.
- एक वही.

१. वाचनालयाचे कार्ड काढा

प्रत्येक नगरपालिकेचे, म्हणजे इथल्या भाषेत कौन्सिलचे, सार्वजनिक वाचनालय असते. सभासदत्वाला पैसे पडत नाहीत आणि नागरिक असण्याची अट नसते. हवे ते पुस्तक दुसऱ्या शाखेत असेल तर राखून ठेवता येते आणि ते तुमच्या शाखेत आणून दिले जाते. त्याखेरीज आपल्या राज्याच्या ग्रंथालयाचेही सभासद व्हावे, कारण सिडनीचे न्यू साउथ वेल्स राज्य ग्रंथालय किंवा मेलबर्नचे व्हिक्टोरिया राज्य ग्रंथालय राज्यातील रहिवाशांना घरबसल्या अनेक संग्रह खुले करून देते.

इथे एक सावधगिरी सांगतो. पुस्तके विकत घेण्याची घाई करू नका. नवी पुस्तके महाग आहेत, आणि हेन्री लॉसन, बार्बरा बेंटन, माइल्स फ्रँकलिन यांच्यासारख्या जुन्या लेखकांचे लेखन आता स्वामित्वहक्कातून मुक्त असल्याने कायदेशीररीत्या फुकट वाचता येते.

२. तुम्ही राहता ती जमीन कोणाची, हे शोधा

सिडनी शहराचा मध्यभाग गाडिगल लोकांचा, पॅरामाटाचा परिसर धारुग लोकांचा, मेलबर्नचा मोठा भाग वुरुंजेरी लोकांचा, ॲडलेड कौर्ना लोकांचे, तर पर्थ नूंगार लोकांपैकी वाजुक शाखेचे. कॅनबेरातील ‘आयॅटसिस’ या संशोधनसंस्थेने प्रसिद्ध केलेल्या नकाशावर असे शेकडो समूह दाखवलेले आहेत. वसाहत झाली तेव्हा या खंडावर अडीचशेहून अधिक भाषा होत्या, आणि माणसाचा वावर किमान ६०,००० वर्षांचा होता. नकाशातील सीमारेषा ठोकळमानाने काढलेल्या आहेत हे त्या संस्थेनेच स्पष्ट केले आहे, तेव्हा आपली गल्ली नेमकी कोणाच्या हद्दीत, हे त्यावरून ठरवू नये.

हे नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पुढे जे काही वाचाल त्यात ते नाव येते की नाही, आले तर कोणत्या वाक्यात आणि कोणत्या काळानंतर ते येईनासे होते, एवढे पाहत गेलात तरी वाचन आपोआप सजग होते.

३. लघुकथेपासून सुरुवात करा

पॅट्रिक व्हाइट यांना १९७३ चे नोबेल मिळाले म्हणून त्यांच्या ‘व्हॉस’पासून, किंवा मॅनिंग क्लार्क यांच्या सहा खंडांच्या इतिहासापासून सुरुवात करणारे उत्साही वाचक मी पाहिले आहेत. त्यातले बहुतेक जण पहिल्या महिन्यातच वाचन सोडून देतात. लघुकथा हा इथल्या साहित्याचा अतिशय बळकट भाग आहे, आणि दमून आलेल्या संध्याकाळी एक कथा वाचून होते.

पहिली कथा हेन्री लॉसन यांची ‘द ड्रोव्हर्स वाइफ’ घ्यावी. ती १८९२ मध्ये ‘द बुलेटिन’ या सिडनीच्या साप्ताहिकात छापून आली. नवरा मेंढ्यांचे कळप घेऊन महिनोन्‌महिने दूर गेलेला, वस्तीपासून लांब दोन खोल्यांचे घर, चार मुले आणि ॲलिगेटर नावाचा कुत्रा. फळ्यांखाली साप शिरतो आणि ती बाई रात्रभर जागत बसते, तेवढ्यात तिचे सगळे आयुष्य आपल्यासमोर येऊन जाते. ऑस्ट्रेलियाने स्वतःचे जे चित्र मनाशी धरले, त्या एकट्या, सोशिक आणि कमी बोलणाऱ्या माणसाचे, ते बऱ्याच अंशी अशा कथांतून घडले.

दुसरी कथा बार्बरा बेंटन यांची ‘द चोझन व्हेसल’, जी त्यांच्या १९०२ च्या ‘बुश स्टडीज’ या संग्रहात आहे. परिस्थिती जवळजवळ तीच आहे: नवरा बाहेर, घरात एकटी बाई आणि तान्हे मूल. मात्र इथे धोका माणसाकडून आहे, आणि मदतीसाठी तिने ज्याला हाक मारली तो घोडेस्वार तिला मेरीमातेचा साक्षात्कार समजून पुढे निघून जातो. लॉसन यांनी ज्या रानाला कणखर माणसांची शाळा केले होते, त्याच रानात बाईचे काय होते हे बेंटन यांनी कसलीही दयामाया न दाखवता सांगितले.

यानंतर पुन्हा लॉसन यांच्या कथेकडे या आणि तीत ॲबोरिजिनल माणसे कुठे आहेत ते पाहा. एक आहे लाकडांचा ढीग आतून पोकळ रचून बाईला फसवणारा, आणि एक आहे बाळंतपणात धावून आलेली म्हातारी, जिची स्तुतीसुद्धा अपमान करणाऱ्या शब्दांत केलेली आहे. लिआ पर्सेल या ॲबोरिजिनल नाटककार आणि अभिनेत्रीने ही कथा नव्याने मांडली: २०१६ मध्ये नाटक, २०१९ मध्ये कादंबरी आणि २०२१ मध्ये चित्रपट. लॉसन यांनी कडेला ठेवलेली माणसे तिथे मध्यभागी आली. तीन लेखकांच्या हातून गेलेली ही एक गोष्ट नीट वाचली, तर सव्वाशे वर्षांत या देशाने स्वतःकडे पाहण्याची दृष्टी कशी बदलली हे जितके कळते, तितके कोणत्याही सर्वेक्षणवजा ग्रंथातून कळणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

४. आता इतिहासाचा कणा घ्या

घटनांचा क्रम डोक्यात बसण्यासाठी एक खंडाचा इतिहास हवाच, आणि स्टुअर्ट मॅकिंटायर यांचा ‘अ कन्साइज हिस्टरी ऑफ ऑस्ट्रेलिया’ त्यासाठी चांगला आहे. २६ जानेवारी १७८८ ला गव्हर्नर आर्थर फिलिप यांचा ११ जहाजांचा ताफा सिडनी कोव्ह येथे थांबला; १८६८ पर्यंत सुमारे १,६२,००० बंदिवान या खंडावर आणले गेले; १८५१ नंतर सोन्यासाठी लोंढे आले; ३ डिसेंबर १८५४ ला बॅलरॅटच्या खाणकामगारांचा युरेका येथील उठाव मोडला गेला; १ जानेवारी १९०१ ला सहा वसाहतींचा एक देश झाला. एवढे माहीत झाले की बाकीचे त्याभोवती बसवता येते.

त्याबरोबर एक प्रत्यक्षदर्शी वाचा. पहिल्या ताफ्यातील नौसैनिक अधिकारी वॉटकिन टेंच यांनी १७८९ आणि १७९३ मध्ये दोन वृत्तांत प्रसिद्ध केले. त्यांचे इंग्रजी आजही सहज वाचता येते. पकडून आणलेले मूळ रहिवासी अराबानू आणि पुढे बेनेलाँग, १७८९ मध्ये मूळ रहिवाशांत पसरलेली देवी, उपासमारीने कमी होत गेलेला शिधा, हे सारे त्यांनी कुतूहलाने लिहिले आहे. टेंच यांच्यानंतर हेन्री रेनल्ड्स यांचे ‘द अदर साइड ऑफ द फ्रंटियर’ (१९८१) घ्यावे, कारण तेच आगमन किनाऱ्यावर उभ्या असलेल्यांना कसे दिसले असेल हे त्यांनी पुराव्यांतून उभे केले आहे.

कवयित्री ज्युडिथ राइट यांच्या बाबतीत तर अशी जोडी एकाच लेखिकेच्या दोन पुस्तकांतून मिळते. १९५९ च्या ‘द जनरेशन्स ऑफ मेन’ मध्ये त्यांनी आपल्या पशुपालक घराण्याच्या कष्टांची कथा आत्मीयतेने सांगितली. १९८१ च्या ‘द क्राय फॉर द डेड’ मध्ये त्याच घराण्याच्या त्याच जमिनीकडे त्या पुन्हा वळल्या आणि तिथून कोण हाकलले गेले, हे त्यांनी लिहिले. आपल्याच पूर्वजांविषयी असे दुसऱ्यांदा लिहायला लागणारे धैर्य मला फार मोठे वाटते.

५. एक घटना खोलवर वाचा: मायल क्रीक

सगळा इतिहास सारख्याच जाडीने वाचण्यापेक्षा एक घटना तळापर्यंत वाचणे अधिक उपयोगाचे ठरते, आणि त्यासाठी मी मायल क्रीक सुचवतो. १० जून १८३८ रोजी न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडील एका गुरांच्या वाड्यावर गुराख्यांच्या टोळीने किमान २८ निःशस्त्र ॲबोरिजिनल माणसांची हत्या केली, ज्यांत बरीचशी बायका-मुले आणि म्हातारी माणसे होती. पहिल्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटले, दुसऱ्या खटल्यात सात जण दोषी ठरले आणि डिसेंबरमध्ये त्यांना फाशी झाली. गोऱ्या वसाहतवाल्यांत या शिक्षेविरुद्ध मोठा संताप उसळला होता.

त्याच डिसेंबरमध्ये, फाशीच्या काही दिवस आधी, ‘द ऑस्ट्रेलियन’ या वर्तमानपत्रात एलायझा हॅमिल्टन डनलॉप या आयर्लंडहून नुकत्याच आलेल्या बाईंची ‘दि ॲबोरिजिनल मदर’ ही कविता छापून आली. हत्याकांडातून बाळासह निसटलेल्या आईचे ते गाणे आहे. ही कविता, खटल्यांचे वृत्तांत आणि वसाहतवाल्यांची संतप्त पत्रे एकापाठोपाठ वाचा. मग न्यूकॅसल विद्यापीठात लिंडल रायन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला सीमाभागांतील हत्याकांडांचा नकाशा उघडा, म्हणजे मायल क्रीक अपवाद ठरले ते घडल्यामुळे नव्हे, शिक्षा झाल्यामुळे, हे ध्यानात येईल.

६. मूळ रहिवाशांचे स्वतःचे लेखन वाचा

ऊजरू नूनुकल यांचा ‘वुई आर गोइंग’ हा कवितासंग्रह १९६४ चा. सॅली मॉर्गन यांचे ‘माय प्लेस’ १९८७ चे, ज्यात घरातल्या मोठ्यांनी दडवून ठेवलेली ओळख नात उकलत जाते. डॉरिस पिल्किंग्टन गारिमारा यांचे ‘फॉलो द रॅबिट-प्रूफ फेन्स’ १९९६ चे: १९३१ मध्ये सरकारी वसतीतून पळालेल्या तीन मुली कुंपणाच्या आधाराने घराकडे निघाल्या, आणि त्यांतली मॉली ही लेखिकेची आई. या पुस्तकाबरोबर, सरकारने घरच्यांपासून तोडून नेलेल्या अशा मुलांविषयीचा १९९७ चा ‘ब्रिंगिंग देम होम’ हा चौकशी अहवाल आणि त्याबद्दल १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत मागितलेली माफी वाचावी. त्यानंतर किम स्कॉट यांची ‘दॅट डेडमॅन डान्स’ आणि तारा जून विंच यांची ‘द यील्ड’. ॲलेक्सिस राइट यांची ‘कार्पेन्टेरिया’ मोठी आणि अवघड आहे, ती शेवटी ठेवा, पण सोडू नका.

‘बलुतं’ आणि ‘जिणं आमुचं’ वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला या आत्मकथनांची वाट सोपी जाते. सभ्य समाजाने न पाहिलेले जगणे पहिल्यांदा कागदावर येते तेव्हा भाषा खडबडीत का असते आणि घरच्या माणसांनाही ते का सोसत नाही, हे आपण अनुभवलेले असते. मात्र दोन्ही अनुभव एकच मानण्याच्या सापळ्यात पडू नका. जमीन हिरावली जाणे, मुले सरकारने उचलून नेणे आणि जातीच्या उतरंडीत जन्म होणे यांची कारणे वेगळी आहेत, आणि त्यांवरचे झगडेही वेगळे आहेत.

अनेक पुस्तकांच्या आरंभी मृत व्यक्तींची नावे किंवा छायाचित्रे पुढे असल्याची सूचना असते. काही समाजांत मृताचे नाव घेणे वर्ज्य असते, त्यासाठी ती आहे. जुन्या ग्रंथांतले वंशवाचक शब्द आज अवमानकारक ठरतात, म्हणून ते वाचावेत, बोलण्यात आणू नयेत.

७. आपले धागे शोधा

१८१६ मध्ये पॅरामाटा येथे जन्मलेला जॉन लँग हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला पहिला कादंबरीकार मानला जातो. तो वकील होता, हिंदुस्थानात येऊन ‘द मोफसिलाइट’ हे वर्तमानपत्र चालवत होता, आणि १८५४ मध्ये झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी संस्थान खालसा करण्याविरुद्धची आपली बाजू मांडण्यासाठी त्यालाच बोलावून घेतले. ‘वाँडरिंग्ज इन इंडिया’ (१८५९) या पुस्तकात त्याने ती भेट सांगितली आहे: पडद्याआडून चाललेले बोलणे, छोट्या दामोदररावांनी पडदा बाजूला केल्यामुळे राणीचे झालेले ओझरते दर्शन आणि झाशी देणार नाही हा तिचा निर्धार. हे प्रकरण वाचून झाले की विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ पुन्हा काढा. वरसईचा भिक्षुक वेढ्याच्या वेळी त्याच झाशीत होता. एक राणी, चार वर्षांच्या अंतराने दोन पाहुणे, आणि त्यांतला एक ऑस्ट्रेलियन. या दोन पुस्तकांची जोडी लावून पाहावी अशी माझी प्रत्येक मराठी वाचकाला विनंती आहे. १८६४ मध्ये लँग मसुरीला वारला आणि त्याचे थडगे तिथेच आहे.

दुसरा धागा प्रवेशबंदीचा. १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्याने नको असलेल्या माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेत श्रुतलेखन घालून नापास करण्याची सोय केली होती. १९३४ मध्ये अनेक भाषा जाणणाऱ्या एगॉन किश या पत्रकाराला ते स्कॉटिश गेलिक भाषेत घातले गेले. ही चाचणी १९५८ मध्ये रद्द झाली आणि गोऱ्यांपुरत्या ऑस्ट्रेलियाचे धोरण १९७३ मध्ये संपले. त्याच्या आतले भारतीय जीवन पाहायचे तर मीना अब्दुल्ला यांनी रे मॅथ्यू यांच्यासह लिहिलेला ‘द टाइम ऑफ द पीकॉक’ (१९६५) हा कथासंग्रह घ्यावा. गोव्याचे मूळ असलेल्या सिडनीच्या लेखिका सुनीता पेरेस दा कोस्ता यांची ‘साउदाद’ (२०१८) अंगोलातील गोमंतकीय कुटुंबाविषयी आहे, आणि ती कोकणपट्टीच्या वाचकाला जवळची वाटेल. २५ एप्रिलला, म्हणजे अँझॅक दिनी, युद्धांत मेलेल्या सैनिकांसाठीच्या पहाटेच्या स्मरणसभेला जाणार असाल, तर गॅलिपोलीच्या मोहिमेतील हिंदी सैनिकांवरचे पीटर स्टॅनली यांचे ‘डाय इन बॅटल, डू नॉट डिस्पेअर’ (२०१५) आधी वाचून जा.

८. ट्रोव्हवर आपला भाग शोधा

ट्रोव्हवर जुनी वर्तमानपत्रे पानापानाने पाहता येतात, बहुतेक १९५४ पर्यंतची. आपल्या उपनगराचे नाव टाका, दशक निवडा आणि मग राज्य. निकाल हजारोंनी आले तर घाबरू नका; एखादा रस्ता, पूर किंवा शाळा असा शब्द जोडून ते कमी करा. यंत्राने वाचलेल्या मजकुरात चुका असतात, म्हणून बाजूच्या छायाचित्रावरूनच वाचावे. खाते उघडल्यास त्या चुका तुम्ही दुरुस्तही करू शकता. भारतीय माणसांचा शोध घेताना एक अडचण येते: त्या काळी धर्म कोणताही असो, त्यांना ‘हिंदू’ म्हणत, आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी बहुधा दोन ‘ओ’ असत. उंटवाल्यांना, ते कुठलेही असोत, ‘अफगाण’ म्हणत.

९. वादग्रस्त पुस्तके एकटी वाचू नका

या देशात इतिहासावरून तीव्र वाद झालेले आहेत. कीथ विंडशटल यांनी २००२ मध्ये रेनल्ड्स आणि इतरांच्या पुराव्यांवर हल्ला चढवला, आणि त्याला इतिहासकारांनी सविस्तर उत्तरे दिली. ब्रूस पॅस्को यांच्या ‘डार्क इमू’ (२०१४) या पुस्तकाने मूळ रहिवासी शेती करीत असल्याचे मांडले आणि ते प्रचंड खपले. २०२१ मध्ये पीटर सटन आणि केरिन वॉल्श यांनी त्याचे परखड परीक्षण करणारे पुस्तक लिहिले. कोणी एक पुस्तक हातात देऊन हेच खरे म्हणाले, तर त्याचे उत्तर देणारे पुस्तक त्याच दिवशी राखून ठेवावे, आणि दोन्ही लेखक आपला पुरावा कुठून आणतात ते वहीत समोरासमोर लिहावे.

१०. मग कादंबऱ्या

आता हव्या त्या क्रमाने वाचा: माइल्स फ्रँकलिन यांची ‘माय ब्रिलियंट करिअर’ (१९०१), हेलन गार्नर यांची मेलबर्नमधली ‘मंकी ग्रिप’, टिम विंटन यांची पर्थमधली ‘क्लाउडस्ट्रीट’, केट ग्रेनव्हिल यांची हॉक्सबरी नदीकाठची ‘द सीक्रेट रिव्हर’. यांतली तुमच्या शहराची प्रथम घ्या. पीटर केरी यांच्या ‘ट्रू हिस्टरी ऑफ द केली गँग’ आधी नेड केली या दरोडेखोराने १८७९ मध्ये सांगून लिहवून घेतलेले जेरिल्डेरीचे पत्र वाचावे; ते आणि केलीचे चिलखत व्हिक्टोरिया राज्य ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. मुलांबरोबर वाचायचे असेल तर शॉन टॅन यांचे ‘दि अरायव्हल’ घ्या. स्थलांतरित बापाची ती कथा केवळ चित्रांतून सांगितलेली असल्याने भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही नातवंडांसोबत ते पुस्तक पाहता येते.

वाचनगटाची माहिती तुमच्या शाखेच्या ग्रंथपालांकडे मिळेल. बहुतेक शाखांत असे गट महिन्यातून एकदा जमतात आणि पुस्तकाच्या प्रती वाचनालयच पुरवते. पहिल्या बैठकीपूर्वी त्या महिन्याचे पुस्तक आणि त्याच्या काळाविषयीचे चरित्रकोशातील दोन-तीन लेख वाचून जावेत.